समुद्रावर जायचंय? आधी पंचांग उघडा

दिवाळी संपली की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप हमखास येतो: "येत्या रविवारी बीचवर जायचं का?" मग गाड्या ठरतात, नागाव की केळवा यावर वाद होतो, जेवायला सुरमई की पापलेट तेही ठरतं. त्या दिवशी समुद्र किती वाजता चढणार आणि किती वाजता उतरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारत नव्हते. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या एका कोळी काकांनी मला हा क्रम बदलायला लावला. "बाय, आधी तिथी बघ, मग जागा बघ, जेवणाचं शेवटी," असं ते म्हणायचे. तेव्हापासून सोसायटीतली मुलं घेऊन मी समुद्रावर जाते ती याच क्रमानं, आणि हा लेखही त्याच क्रमानं लिहिते आहे.

घराजवळच्या पाण्याबद्दल आधी

ठाणे आणि नवी मुंबई पाण्याकाठी वसलेली असली तरी हे पाणी पोहण्याचं नाही. वाशीचं सागर विहार, ऐरोली, नेरूळ आणि बेलापूरच्या जेट्ट्या, ही सगळी खाडी आहे. तळाला वाळू नाही, गाळ आहे. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि भरतीचं पाणी चढू लागलं की तो ओढून काढणं मोठ्या माणसालाही जड जातं. शिवाय शहरांचं सांडपाणी याच खाडीत येतं. २०१५ साली अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी फ्लेमिंगोंची आहे, ती काठावर उभं राहून बघावी.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याकडे उघड्या समुद्राचा किनारा उरला तो भाईंदरपलीकडचा, उत्तन-चौक भागातला. तो मासेमारीचा किनारा आहे. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी आणि मधूनमधून खडक. तिथं सूर्यास्त बघावा, सुके बोंबील घ्यावेत आणि परतावं. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाऊ लागली, त्यामुळे पीरवाडीचा किनाराही हाताशी आला आहे. मी तिथं संध्याकाळी आवडीनं जाते, पण खडकांमुळे मुलांना पाण्यात उतरवत नाही. पोहायचं असेल तर दक्षिणेला अलिबागकडे नाहीतर उत्तरेला पालघरकडे जायचं, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

तारीख कशी काढायची

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीनंतर पुढची भरती साडेबारा तासांच्या थोडी आत येते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासापेक्षा जरा जास्त पुढे सरकते. चंद्राची तिथीही रोज एकानं पुढे जाते. या दोन्ही गोष्टी एकत्र बांधणारा हिशेब कोकणात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी अडीचच्या आसपास पूर्ण ओहोटी आणि रात्री साडेआठ-पावणेनऊला पुन्हा भरती. चतुर्थी असेल तर भरती तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि उत्तरेला डहाणू-बोर्डीकडे भरती मुंबईपेक्षा उशिरा येते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री मोबाईलवर त्या गावाचं भरतीचं कोष्टक जरूर बघा. पण महिनाभर आधी कॅलेंडर पुढ्यात घेऊन रविवार निवडायला पाऊणपटीइतकं सोपं दुसरं काही नाही.

आता दुसरी बाजू. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्यानंतरचे एक-दोन दिवस म्हणजे उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, मुंबईजवळ तर चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि तेवढ्याच वेळात बाहेर जातं, म्हणून त्याला वेग असतो. अष्टमी आणि तिच्यानंतरचे एक-दोन दिवस म्हणजे भांग. चढउतार कमी, ओढही कमी. बारा महिने समुद्रावर असलेल्या माणसांनी हे शब्द उगाच तयार केलेले नाहीत. पोहायला भांग बरा.

मग सोयीची तिथी कुठली? एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मला षष्ठी-सप्तमी आवडते. भरती दुपारी साडेचार ते सव्वापाचला. सकाळी आरामात निघा, जेवा, आणि अडीच-तीनपासून पूर्ण भरतीपर्यंत पाण्यात खेळा. पाणी किनाऱ्याकडे येत असतं, वाराही समुद्राकडून असतो. भरती टेपेला पोचली की अंधाराच्या आत बाहेर. मुक्कामाला जात असाल तर दशमी-एकादशी: सकाळी सहापासून साडेसात-आठपर्यंत, ऊन नाही, गर्दी नाही. सगळ्यात गैरसोयीची पौर्णिमा-अमावास्या, आणि नेमक्या याच दिवसांची बुकिंगं चांदण्यासाठी होतात. चांदणं बघायला जा, पण पोहण्याचा बेत वेगळ्या दिवशी ठेवा.

मोसमाचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये लाटा वाढू लागतात. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी बांधव होडी लोटत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपण सहलीसाठी का उतरावं? वॉटर स्पोर्ट्सही पावसाळ्यात बंद असतात. कुणी लपूनछपून फेरी देत असेल तर त्याच्याकडून पुढे कधीही घेऊ नका. पावसाळ्याबाहेरही हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. दूरच्या वादळाच्या लाटा आपल्याकडे आभाळ निरभ्र असतानाही पोचतात, म्हणून निघण्याआधी तो इशारा बघून घ्या.

स्वच्छ हवा आणि शांत पाणी पुरेसं नसतं

१ फेब्रुवारी २०१६. पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. फेब्रुवारीतला दिवस, पावसाळा कधीच सरलेला. पंचांग काढून बघितलं तर त्या दिवशी वद्य अष्टमी होती, म्हणजे उधाणही नव्हतं. पाऊणपटीनं दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि त्यानंतर चढतं पाणी. मी हे मुलांना दरवेळी सांगते, कारण भांग असला की सगळं निर्धोक असं माझंही एकेकाळी मत होतं.

चढत्या पाण्याचा धोका समजून घ्यायचा तर आपल्या पुळणीची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याची, रचना डोळ्यांसमोर आणा. आपले बरेचसे किनारे अगदी कमी उताराचे आहेत. ओहोटीला समुद्र खूप आत जातो आणि ओली वाळू पसरलेली दिसते. ही वाळू सपाट वाटते, पण नसते. मध्ये वाळूचे लांबट उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांमध्ये खोलगट भाग. आपण चालत चालत सर्वात पुढच्या उंचवट्यावर पोचतो, पाणी घोट्याएवढंच असतं. भरती सुरू झाली की पाणी आधी पाठीमागच्या खोलगट भागात शिरतं. आपण उभे असतो तिथं अजून गुडघाभर, आणि परतीच्या वाटेवर कमरेच्या वर. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या गतीनं चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं. म्हणजे "आत्ता तर घोट्याएवढं होतं" असं वाटेपर्यंत ते छातीला लागतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक भरतीत अडकतात ते यामुळेच.

म्हणून माझा नियम असा: ओहोटीला आत चालत जाऊन पाणी गाठायचं नाही. पाणी आपल्याकडे येऊ द्यायचं. पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास, कोरड्या वाळूला लागून, आणि भरती फिरली की बाहेर. ओहोटी सुरू झाल्यावर पाणी आत ओढतं. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात, आणि सुकतीच्या पाण्यात पोहायचं नाही हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

किनारा निवडताना

वाशीहून अलिबाग साधारण ८०-८५ किलोमीटर, पनवेल-पेण-वडखळ-पोयनाड मार्गे. वडखळ नाक्यावर शनिवारी सकाळी वेळ जातो, तो धरूनच निघा. पुढे वरसोली, अलिबाग, अक्षी, नागाव, रेवदंडा आणि खाली काशीद असे किनारे एकामागून एक आहेत. नागावला वॉटर स्पोर्ट्सची गर्दी असते. लहान मुलं बरोबर असतील तर मी बोटींच्या गर्दीपासून दूर, वरसोलीकडची शांत बाजू बघते. काशीदची पांढरी वाळू सगळ्यांना खेचते, पण तिथं लाटा जोरात येतात. न पोहणाऱ्यांनी तिथं घोट्याएवढ्या पाण्यातच थांबावं. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी पोहू नये, मग ते रेवदंडा असो की उत्तरेला वैतरणेच्या मुखाजवळचं अर्नाळा. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून जातं-येतं, आणि तळही सारखा बदलत राहतो.

घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्यांना पालघर सोपं. केळवा रोड स्टेशनवर उतरून रिक्षानं केळव्याला जाता येतं. सुरूचं बन आहे, शीतलादेवीचं देऊळ आहे, सावलीत आजी-आजोबांना बसवता येतं. बोर्डी आणखी पुढे, फार सपाट, ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो. वरचा उंचवट्यांचा परिच्छेद बोर्डीला जाणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

गावात पोचल्यावर एक प्रश्न न चुकता विचारा: "इथं कुठं उतरत नाहीत?" जिथं घर घेतलंय त्या मालकांना, शहाळीवाल्याला, जीवरक्षक असेल तर त्याला. कुठं पोहायचं हे विचारलं तर लोक पाहुण्यांचं मन राखून "कुठंही पोहा" म्हणतात. कुठं उतरत नाहीत म्हटलं की अचूक बोट दाखवतात. जीवरक्षक सगळ्या किनाऱ्यांवर आणि सगळ्या वेळी नसतात. लाल-पिवळे झेंडे लावलेले दिसले तर त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही.

जाण्याआधीची तयारी

तरण तलावात चार फेऱ्या मारता येतात म्हणून समुद्रात पोहता येतं असं होत नाही. तलावात भिंत असते, तळ दिसतो, पाणी जागेवर असतं. समुद्रासाठी दोन गोष्टी आल्या पाहिजेत: उताणं पडून पाच मिनिटं शांतपणे तरंगणं आणि पायांच्या हालचालीवर एकाच जागी डोकं वर ठेवून राहणं. आमच्या मुलांना मी सहलीआधी महापालिकेच्या तलावात हे करून दाखवायला लावते. ज्याला जमत नाही त्यानं कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, वय कितीही असो. यात बाबा लोकही आले. एवढं सांगायला संकोच वाटतो, पण सांगतेच.

कपड्यांचा रंग महत्त्वाचा आहे. निळा, पांढरा, राखाडी पोशाख लाटांमध्ये दिसेनासा होतो, केशरी किंवा झगझगीत पिवळा लांबून दिसतो. जीन्स, साडी, ओढणी पाण्यात जड होते आणि पायात अडकते. बायकांनी पोहण्याचा पोशाख घालावाच असा माझा आग्रह नाही, पण अंगाला बसणारी लेगिंग आणि टी-शर्ट तरी घाला. सोबत प्यायचं पाणी, ओआरएस, शिटी, पंधरा-वीस मीटरची दोरी, थर्मासमध्ये गरम पाणी (त्याचा उपयोग पुढे सांगते), झाकण घट्ट बसणारा रिकामा पाच लिटरचा कॅन आणि प्रत्येक मुलाला मापाचं लाईफ जॅकेट. हवा भरायची ट्यूब मात्र घरी ठेवा.

ट्यूबबद्दल सविस्तर सांगते, कारण तिनं मला घाबरवलंय. माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. सकाळची वेळ, पाणी आरशासारखं. तो ट्यूबमध्ये बसून हात हलवत होता, मी किनाऱ्यावरून फोटो काढत होते. तीन-चार फोटोंनंतर लक्षात आलं की तो लहान दिसतोय. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आठवतात? पहाटे आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसतं ते त्या वाऱ्यामुळेच, आणि तोच वारा ट्यूबला शिडासारखा ढकलत नेतो. ट्यूब पाण्यात बसत नाही, वरवर तरंगते, म्हणून प्रवाहापेक्षा वारा तिला जास्त नेतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या दोघांनी होडी घालून त्याला परत आणलं. माझ्या हातात तेव्हा दोरी नव्हती, शिटी नव्हती, जॅकेट नव्हतं. वरची यादी त्या सकाळची आहे.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं

मुलं गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्याकडे धावतात. त्यांना आधी काहीतरी खायला द्या आणि तुम्ही थोड्या उंच जागी उभं राहून पाणी बघा. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस येतोय, आणि मध्येच एका पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतंय, फेस किंवा कचरा आत वाहतोय, असं दिसलं तर तो रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खिंडीतून परत जातं ती ही वाट. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला चांगली वाटते, कारण तिथं लाटा अंगावर येत नाहीत.

अशा प्रवाहाचा वेग पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षाही जास्त असू शकतो, म्हणून त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. सापडलात तर उताणं पडा, तरंगा, श्वास सावरा, हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर या, तिथून फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या. आमच्या गटात हे मुलांना वाळूवर रेघा काढून करून दाखवतो. सहा वर्षांच्या मुलीलाही कळतं.

मग वाळूत एक खूण ठरवा, एखादं सुरूचं झाड किंवा रंगीत छत्री. पाण्यात असताना आपण नकळत किनाऱ्यालगत सरकतो. दर दहा मिनिटांनी वर बघून खुणेसमोर आहोत का हे तपासायचं. लहान मुलामागे एक मोठा माणूस, हात पुढे केला तर पोचेल इतक्या अंतरावर, आणि त्याच्याजवळ फोन नको. "सगळेच लक्ष ठेवून आहेत" म्हणजे कुणीच नाही. नाव घेऊन पाळी लावा, वीस-वीस मिनिटांची. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यातही सोडायचं नाही आणि राखणीलाही बसवायचं नाही.

वाळूत खोल खड्डे खणणं धोक्याचं आहे. मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्ड्यात त्याला बसू देऊ नका, कोरडी वाळू एका क्षणात कोसळते. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. चाकं ओल्या वाळूत बसतात आणि भरती वाट बघत नाही.

वॉटर स्पोर्ट्स

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्याप्रमाणे असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. चांगला माणूस लगेच दाखवतो. मग विचारा: पडलेल्यांना उचलायला दुसरी बोट आहे का? विमा आहे का? आज वारा कसा आहे? वाऱ्याचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. ज्याला वाऱ्याबद्दल दोन वाक्यं नीट सांगता येत नाहीत त्याच्या पॅराशूटला मी माणूस बांधू देत नाही.

लाईफ जॅकेट स्वतः तपासा. एकदा मला मिळालेल्या जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी नाडी बांधली होती. मी फेरी घेतली नाही, पैसेही परत मिळाले नाहीत, आणि त्याची मला खंत नाही. सगळी बक्कलं लागली पाहिजेत, आतला फोम चुरलेला किंवा पाणी पिऊन जड झालेला नको. घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीही चालत नाही. त्यांच्या मापाचं नसेल तर मूल फेरीला जात नाही, कितीही रडलं तरी.

बनाना राईडमध्ये शेवटी मुद्दाम उलटवतात. नको असेल तर बसण्याआधी चालकाला सर्वांसमोर सांगा, आणि पडायचं असेल तर दोरीपासून दूर पडा. उलटल्यावर बोटीकडे पोहत जाऊ नका, तरंगत थांबा, इंजिन बंद झालं की ते जवळ येतील. जेट स्कीवर इंजिन बंद करणारी एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असली पाहिजे. पॅरासेलिंगला मांड्यांचे आणि छातीचे पट्टे दोनदा ओढून बघा. पाठीचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर बंपर, बनाना, स्पीडबोट सगळं टाळा, आदळआपट फार असते. कयाक शिकायचा असेल तर सकाळी, पण मतलई वारा असल्यामुळे किनाऱ्यालगतच. आणि पोहणाऱ्यांचा घोळका बोटींच्या येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब ठेवा.

पाकट, जेलीफिश, कालवं

पाकट (स्टिंगरे) हा चपटा मासा वाळूत स्वतःला गाडून पडून राहतो. पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी अनेकांना असे काटे आणि जेलीफिशचे डंख झाले होते. उपाय सोपा: उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चाला, पाकट आधीच निघून जातो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, तासभर तरी, आणि दवाखाना गाठा. थर्मास त्यासाठीच. दुखऱ्या पायाला उष्णता नीट कळत नाही, म्हणून पाण्यात आधी चांगला हात घालून बघा.

निळ्या फुग्यासारखा ब्लू बॉटल हा जेलीफिशसारखा प्राणी पावसाळ्यात वाळूवर येऊन पडतो. मेलेला दिसला तरी हात लावू नका. डंख झाला तर चिकटलेले धागे चिमट्यानं काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, मग वीस मिनिटं गरम पाणी. वाळू चोळणं, गोडं गार पाणी ओतणं, लघवी करणं हे सगळं वेदना वाढवतं. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट रुग्णालय.

खडकांवरच्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. मधुमेह असलेल्यांनी पायात रबरी बूट घातल्याशिवाय खडकाकडे जाऊ नये, आणि अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, नजर रिकामी. शिडी चढायचा प्रयत्न चाललाय असं वाटतं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर हाती एखादं मिनिटही नसतं.

उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो, आणि एकाच्या जागी दोघं जातात. शिटी वाजवा, जीवरक्षक आणि होडीवाल्यांना हाका मारा. तो झाकण लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून फेका. एखादी काठी, ओढण्यांची गाठ, हाताला येईल ते पुढे करा, स्वतः पालथं पडून किंवा पाय घट्ट रोवून. एकानं नजर त्या माणसावरून हलवायची नाही, बोट त्याच्या दिशेनं रोखून ठेवायचं. दुसऱ्यानं फोन: ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलीस. हे चारही क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून हलवणं बंद करा, त्यात मोलाचा वेळ जातो आणि ओकारी फुफ्फुसात जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, ओले कपडे काढून पांघरूण घाला. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, दोन ते पाच वेळा, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, असं रुग्णवाहिका येईपर्यंत. बुडालेल्याचं हृदय हवेविना थांबलेलं असतं, म्हणून श्वास आधी. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसावा लागतो. आमच्या सोसायटीत एका रविवारी प्रशिक्षकांना बोलावून आम्ही तीस जणांनी ते शिकून घेतलं.

आणि जो खोकत खोकत स्वतःच्या पायांनी बाहेर आला, "मी ठीक आहे" म्हणाला, त्यालाही एकटं झोपायला सोडू नका. फुफ्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. सतत खोकला, धाप, छातीत दुखणं, विचित्र गुंगी, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर ठाणे-नवी मुंबई गाठायची वाट बघू नका. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आधी तिथं न्या. काहीच दिसलं नाही तरी त्या रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी जागं असू द्या.